खोटं कुणाच्या खांद्यावर उभं होतं?

ताई,

तुमच्याकडे लोक लग्नाचे, नोकरीचे, सासरचे प्रश्न घेऊन येतात. माझा प्रश्न राजकारणाचा वाटेल, पण त्यापायी आमच्या घरात तीन आठवडे अबोला आहे.

माझे बाबा बत्तीस वर्षं कोर्टात बेंच क्लार्क होते. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या साक्षीदाराला शपथ देणं हे त्यांचं रोजचं काम. मी राज्यशास्त्रात एम. ए. करते आहे. बिल क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगावर मी निबंध लिहिला आणि मोठ्या हौसेनं बाबांना वाचायला दिला. माझं म्हणणं असं की, खासगी संबंधांबद्दल माणूस खोटं बोलला एवढ्यावरून लोकांनी दोनदा निवडून दिलेल्या अध्यक्षाला घरी पाठवणं चूक ठरलं असतं. अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहानं, सिनेटनं, त्यांना सोडलं ते योग्यच केलं. बाबांनी चौथ्या पानावर कागद खाली ठेवले. म्हणाले, 'शपथेवर खोटं बोलला ना? मग त्याच संध्याकाळी खुर्ची सोडायला हवी होती. यात निबंध लिहिण्यासारखं काय आहे?' मी चिडून म्हटलं, 'तुम्ही कारकुनासारखा विचार करता.'

तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. निबंध अजून दिलेला नाही, कारण आता माझीच खात्री डळमळली आहे. सोबत जोडते आहे. शपथेवर खोटं बोलणं हे नेत्याला पदावरून काढायला पुरेसं कारण आहे का? आणि बाबांशी मी काय बोलू?

— एक वाचक

प्रिय मुली,

'कारकुनासारखा' या शब्दाकडे मी शेवटी येते. आधी निबंध. तुमचं भांडण खरंच त्या प्रश्नावरून झालं आहे आणि तो प्रश्न भांडावं इतका मोलाचा आहे.

निबंध मी दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन एक मोजदाद केली. मोनिका लेविन्स्की, म्हणजे जिच्याशी क्लिंटन यांचे संबंध होते ती व्हाइट हाउसमधली तरुणी, हे नाव तू एकोणीस वेळा लिहिलं आहेस, पॉला जोन्स हे दोनदा. तुझ्या सगळ्या मांडणीतली फट मला तिथे दिसली.

क्लिंटन कुणासमोर खोटं बोलले? घरात बायकोसमोर बोलले, टीव्हीवर देशासमोर बोलले, ते सगळं वेगळं ठेव. शपथेवरचं पहिलं खोटं बोललं गेलं १७ जानेवारी १९९८ रोजी, एका दिवाणी दाव्यातल्या जबानीत, लेविन्स्कीबद्दल विचारलं तेव्हा. तो दावा पॉला जोन्स यांचा होता. त्या आर्कान्सा राज्य सरकारातल्या साध्या कर्मचारी होत्या. क्लिंटन तिथले गव्हर्नर असताना, १९९१ साली, त्यांनी हॉटेलच्या खोलीत बोलावून आपल्याशी गैरवर्तन केलं, असा त्यांचा आरोप होता. त्यांनी १९९४ मध्ये दावा लावला. पदावर असेपर्यंत अध्यक्षांवर असा दावा चालूच शकत नाही, अशी भूमिका क्लिंटन यांच्या बाजूनं घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयानं २७ मे १९९७ रोजी ती फेटाळली. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमतानं म्हणाले की दावा चालेल.

या निकालाचा अर्थ जरा सावकाश लक्षात घे. देशातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाला एका साध्या बाईनं प्रश्न विचारला तर त्याला शपथेवर उत्तर द्यावं लागेल, असा तो निकाल आहे. आणि आठ महिन्यांनी त्या माणसानं खोटं उत्तर दिलं. विषय खासगी होता, हे मला मान्य आहे. खोटं मात्र खासगी नव्हतं. ते भर न्यायप्रक्रियेत, न्यायाधीश समोर असताना, ज्या बाईला खरं उत्तर मिळण्याचा हक्क नुकताच मिळाला होता तिच्या दाव्यात बोललं गेलं. 'खासगी संबंधांबद्दल खोटं' हे शब्द तू निबंधात तीन ठिकाणी वापरले आहेस. तिन्ही खोड.

आता मी इतकी कळकळीनं का बोलते, तेही सांगते. सव्वीस वर्षं मी वकिली केली. सुरुवातीच्या काळातल्या एका साक्षीनं माझं या विषयातलं मन घडवलं. एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपी मुलाची आई साक्षीला उभी होती. बचाव असा की, त्या रात्री मुलगा घरीच होता. त्याला दुसरा साक्षीदार नव्हता, म्हणजे ती जे म्हणेल ते खोडून काढायला कुणाकडेच काही नव्हतं. तिनं शपथ घेतली, 'देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.' मग तिला विचारलं, मुलगा त्या रात्री घरी होता का? तिनं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. बोटांची नखं पांढरी पडलेली मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. लघुलेखकानं मान वर करून पाहिलं. मग ती म्हणाली, 'नव्हता.' मुलगा तिच्याकडे बघत होता, तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मी त्या मुलाची वकील होते, आम्ही हरलो. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

शपथेवर खरं बोलणाऱ्याला कधी कधी केवढी किंमत मोजावी लागते, हे तुझ्या बाबांनी बत्तीस वर्षं पाहिलं आहे. मोठ्या पदावरच्या माणसानं तीच शपथ घेऊन खोटं बोलावं आणि लोकांनी 'जाऊ दे, विषयच तसा नाजूक होता' म्हणावं, तेव्हा त्या आईला आपण काय सांगतो? बाबांचा संताप इथून येतो, असं मला वाटतं. त्यात मी त्यांच्या बाजूची आहे.

'त्याच संध्याकाळी खुर्ची' या शब्दांशी मात्र मी सहमत नाही.

पहिली अडचण अशी की, शपथेवर बोललेलं प्रत्येक चुकीचं वाक्य खोटी साक्ष ठरत नाही. माणूस जाणूनबुजून खोटं बोललेला असावा लागतो आणि ते खोटं प्रकरणाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या मुद्द्यावर असावं लागतं. अमेरिकेत तर याहूनही बारीक चाळण आहे. सॅम्युएल ब्रॉन्स्टन नावाच्या चित्रपट निर्मात्याला दिवाळखोरीच्या सुनावणीत विचारलं गेलं, तुमचं स्वतःचं स्विस बँकेत कधी खातं होतं का? तो म्हणाला, कंपनीचं होतं, सहा महिने, झुरिकमध्ये. हे शब्दशः खरं होतं. पण पूर्वी त्याचं स्वतःचंही खातं होतं, त्याबद्दल तो गप्प राहिला. त्याला खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती एकमतानं रद्द केली. उत्तर टाळलं जातंय हे ओळखून पुन्हा नेमका प्रश्न विचारणं हे वकिलाचं काम आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

आपल्याकडे याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात, वेगळा शब्द शोधायला नको. क्लिंटन यांनी स्वतः कायदा शिकवला होता, त्यांना ही चाळण ठाऊक होती. जबानीच्या वेळी 'लैंगिक संबंध' म्हणजे काय, याची लेखी व्याख्या त्यांच्या हातात दिली गेली होती. त्या व्याख्येच्या फटीतून ते बाहेर पडू पाहत होते. पुढे १७ ऑगस्टला ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का, हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ), व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये कॅमेऱ्यापुढे बसून, वाक्यातल्या 'आहे' या शब्दाचा अर्थ काय यावर सगळं अवलंबून आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या 'आहे'वर लोक हसले. मला हसू आलं नाही. कायदा जाणणारा माणूस कायद्याचीच फट वापरतो, तेव्हा शपथ देणाऱ्या कारकुनाचं रोजचं काम तो पोकळ करत असतो.

तरीही युधिष्ठिराचा रथ जमिनीला टेकला, राज्य मात्र गेलं नाही. शेवटी नरकाचं दर्शन घडलं तेही त्याच अर्ध्या वाक्यापायी. शिक्षा झाली आणि सिंहासन राहिलं, असं दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत घडू शकतं. नेमकं हेच वेगळेपण तुझ्या निबंधात नाही आणि बाबांच्या वाक्यातही नाही. खोट्या साक्षीला शिक्षा हवी का, हा एक प्रश्न. नेत्याला पदावरून काढायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कोर्ट देतं. दुसऱ्याचं उत्तर देताना बघायचं असतं की, ती सत्ता या हातात यापुढे ठेवणं धोक्याचं आहे का.

अमेरिकेच्या राज्यघटनेत महाभियोगासाठी देशद्रोह, लाचखोरी आणि 'इतर गंभीर गुन्हे व दुर्वर्तन' एवढंच लिहिलं आहे. खोट्या साक्षीचं नाव नाही. १७८७ च्या घटना परिषदेत 'गैरकारभार' असा शब्द घालण्याची सूचना जॉर्ज मेसन यांनी केली होती. परिषदेतले दुसरे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली. इतका सैल शब्द घातला तर अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे दार अरुंद ठेवायचं, हे ठरवूनच ठेवलं. महाभियोग लावतं खालचं सभागृह, म्हणजे प्रतिनिधिगृह, पण पदावरून काढायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. ती अटही त्यासाठीच.

यावर तुझ्या वर्गातलं कुणी उलटतपासणी घेईल, तर एक प्रश्न नक्की येईल. तुझ्या निबंधात त्याचं उत्तर नाही. १९८९ मध्ये त्याच सिनेटनं दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन न्यायाधीशांना शपथेवरच्या खोट्यासाठी पदावरून काढलं होतं. मिसिसिपीचे वॉल्टर निक्सन ग्रँड ज्युरीसमोर खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरून तुरुंगात गेले होते, तरी राजीनामा देत नव्हते आणि पगार घेत होते. प्रतिनिधिगृहानं त्यांच्यावर ४१७ विरुद्ध ० मतांनी महाभियोग लावला. दुसरे फ्लोरिडाचे अल्सी हेस्टिंग्ज. लाचेच्या खटल्यातून ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं होतं. त्यानंतर त्या खटल्यात त्यांनी खोटी साक्ष दिली, हाही ठपका ठेवून त्यांना काढलं. मग न्यायाधीशाला एक माप आणि अध्यक्षाला दुसरं का?

नेहमीचं उत्तर असं दिलं जातं की, न्यायाधीश तहहयात नेमलेला असतो, त्याला मतदार काढू शकत नाहीत, अध्यक्षाची मुदत ठरलेली असते. हे उत्तर अर्धंच पुरतं. खरा फरक कामाचा आहे. न्यायाधीशाचं अख्खं काम दुसऱ्याच्या शपथेवर उभं असतं. स्वतः खोटी साक्ष दिलेला माणूस उद्या साक्षीदाराकडे बघून 'तू खोटं बोलतोस' कोणत्या तोंडानं म्हणणार? त्याच्या बाबतीत खोटी साक्ष आणि पदाचा नाश या दोन गोष्टी वेगळ्या राहतच नाहीत. अध्यक्षाच्या बाबतीत त्या वेगळ्या राहू शकतात. कायद्याची अंमलबजावणी हे त्याचंही काम आहे, म्हणून कधी कधी एक होतात.

हेस्टिंग्ज यांची पुढची गोष्ट निबंधात घेच. त्यांना पुन्हा कधीही पद मिळू नये, असा आदेश सिनेटनं दिला नव्हता. १९९२ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी त्यांना प्रतिनिधिगृहात पाठवलं आणि डिसेंबर १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाच्या मतदानाला ते सभागृहात होते. त्यांनी विरोधात मत दिलं. २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते निवडून येत राहिले. पदावरून काढलं म्हणजे विषय संपला, असं बाबांना वाटत असेल, तर त्यांना हे जरूर सांग.

मग अध्यक्षाच्या किंवा कुठल्याही नेत्याच्या बाबतीत खोटं पदापर्यंत केव्हा पोचतं? इतक्या वर्षांत माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली आहे. कोर्टात काम केलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. शपथेवरचं खोटं कधी एका वाक्यात संपत नाही. ते उभं ठेवायला टेकू लागतात. कुणाला तरी तसंच बोलावं लागतं, कुणाला कागद लपवावा लागतो, कुणाला आठवत नसल्याचं सोंग करावं लागतं. तेव्हा बघायचं ते हे की, खोटं कुणाच्या खांद्यावर उभं केलं आणि ते खांदे मिळवायला पदाचं वजन वापरलं का.

डेट्रॉइट शहराचे महापौर क्वामे किलपॅट्रिक यांचं प्रकरण बघ. क्लिंटन प्रकरणाशी त्याचं वरवरचं साम्य इतकं आहे की तुलना आपोआप होते. ऑगस्ट २००७ मध्ये त्यांनी शपथेवर सांगितलं की आपल्या प्रमुख सहायिकेशी आपले प्रेमसंबंध नव्हते. इथेही विषय खासगीच होता. पण दावा कुणी लावला होता? महापौरांच्या वर्तुळातल्या गैरप्रकारांची चौकशी करायला गेलेल्या पोलिसांनी. त्यांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला पदावरून दूर केलं गेलं होतं. ज्युरीनं पोलिसांच्या बाजूनं ६५ लाख डॉलर दिले. महापौर आधी अपिलाची भाषा करत होते. मग पोलिसांच्या वकिलाकडे त्या दोघांचे पेजरवरचे संदेश आहेत, हे कळलं आणि शहरानं ८४ लाख डॉलरना तडजोड केली. ते संदेश बाहेर येऊ नयेत, याचा गुप्त करारही त्यात होता. जानेवारी २००८ मध्ये एका वर्तमानपत्रानं ते छापले. सप्टेंबरमध्ये किलपॅट्रिक यांनी न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला, पद सोडलं आणि तुरुंगात गेले.

इथे मला क्षणभरही विचार करावा लागत नाही. खोट्याचा एक टेकू नोकरीवरून दूर केलेला अधिकारी होता, दुसरा शहराची तिजोरी. ज्या खुर्चीनं हे शक्य केलं ती काढून घेणं हेच उत्तर होतं. आणि 'खासगी संबंधांबद्दलचं खोटं' हे तुझे शब्द इथेही जसेच्या तसे बसले असते. म्हणून म्हटलं, खोड.

उलट बाजूला १९७४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यावर कर चुकवल्याचं कलम महाभियोगात घालावं, अशी सूचना आली होती. प्राप्तिकराचं विवरणपत्र म्हणजे खोटी माहिती दिली तर शिक्षा होईल हे मान्य करून सही केलेला कागद. प्रतिनिधिगृहाच्या समितीनं हे कलम २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळलं. निक्सन यांच्याबद्दल कुणाला माया होती म्हणून नव्हे, दुसरी तीन कलमं त्याच समितीनं मंजूर केली. त्या कलमांमध्ये सरकारी यंत्रणा वापरून तपास दडपल्याचे आरोप होते. स्वतःच्या पैशांबद्दल खोटं बोलणारा अध्यक्ष आणि सरकारी यंत्रणेला खोटं बोलायला लावणारा अध्यक्ष, यांत त्या लोकांनी रेघ ओढली. ती रेघ मला पटते.

ब्रिटनचे माजी मंत्री जोनाथन एटकिन यांचा उल्लेख तू तळटीपेत केला आहेस. पॅरिसच्या हॉटेलचं बिल कुणी भरलं, यावरून ते अब्रुनुकसानीच्या दाव्यात खोटं बोलले आणि १९९९ मध्ये तुरुंगात गेले. तेव्हा ते पदावर नव्हते, म्हणून तुझ्या प्रश्नाला ते थेट उपयोगाचे नाहीत. पण एक तपशील तुझ्याकडून राहिला. आपलं खोटं टिकावं म्हणून त्यांनी आपल्या किशोरवयीन मुलीकडून खोट्या निवेदनावर सही करून घेतली होती. मी म्हणते ते खांदे हे असे असतात.

आता क्लिंटन यांच्याकडे परत येऊ. त्यांच्या खोट्याला टेकू होते का? होते. जबानीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्यांनी आपल्या सचिव बेटी करी यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि त्यांच्यापुढे एकामागून एक वाक्यं ठेवली. आम्ही दोघं कधी एकटे नव्हतोच ना, तू नेहमी तिथे असायचीस ना, अशी. ही त्यांच्या हाताखाली काम करणारी बाई आणि उद्या साक्षीला बोलावली जाण्याची शक्यता असलेली. मला सगळ्या प्रकरणात या रविवारचा जास्त त्रास होतो. कोर्टात खोटं बोलताना माणूस निदान स्वतःची मान पुढे करतो, इथे त्यांनी दुसरीची पुढे केली.

प्रतिनिधिगृहानं १९ डिसेंबर १९९८ रोजी काय केलं, ते या प्रकाशात बघ. चार कलमं होती. ग्रँड ज्युरीसमोरच्या खोट्याचं कलम २२८ विरुद्ध २०६ नं मंजूर झालं, न्यायात अडथळा आणल्याचं २२१ विरुद्ध २१२ नं. पॉला जोन्स यांच्या दाव्यातल्या जबानीचं कलम मात्र २०५ विरुद्ध २२९ नं पडलं. म्हणजे जिचा दावा होता, तिला खोटं उत्तर दिल्याचा आरोप तिथेच गळून गेला. आणि दोन वर्षांनी, पद सोडायच्या आदल्या दिवशी, १९ जानेवारी २००१ रोजी, क्लिंटन यांनी लेखी मान्य केलं ते नेमकं त्याच जबानीबद्दल. त्या दाव्यात लेविन्स्कीविषयी दिलेली आपली काही उत्तरं खोटी होती, असं. वकिलीची सनद पाच वर्षं निलंबित झाली, २५ हजार डॉलर दंड झाला. त्याआधी एप्रिल १९९९ मध्ये त्या दाव्याच्या न्यायाधीश सुझन वेबर राइट यांनी न्यायालयाच्या अवमानाचा ठपका ठेवला होता आणि पुढे सुमारे ९० हजार डॉलर भरायला लावले होते. कायदा शिकताना त्या क्लिंटन यांच्या विद्यार्थिनी होत्या. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाला अवमानाबद्दल दोषी ठरवताना त्यांची लेखणी अडखळली नाही.

सिनेटनं १२ फेब्रुवारी १९९९ रोजी त्यांना सोडलं. काढायला ६७ मतं लागत होती. खोट्या साक्षीच्या कलमावर ४५ पडली, अडथळ्याच्या कलमावर ५०. तू याला 'निर्दोष ठरले' म्हणतेस, तसं म्हणू नकोस. सोडलं म्हण. 'दोषी' म्हणणारं एकही मत त्यांच्या स्वतःच्या पक्षाचं नव्हतं, त्याच वेळी विरोधी पक्षाच्या दहा सिनेटरनी खोट्या साक्षीच्या कलमावर त्यांना सोडण्याच्या बाजूनं मत दिलं. हे पक्षनिष्ठेचं गणित आहेच, पण त्यात एक अर्थही आहे. निवडून आलेल्या माणसाला काढायचं, तर त्याला निवडून देणाऱ्या बाजूच्या काही लोकांना तरी ते पटलेलं असावं. नाहीतर ते काढणं पुढच्या निवडणुकीपर्यंत हत्यार म्हणून फिरत राहतं.

मला विचारशील तर, क्लिंटन यांनी स्वतः राजीनामा द्यायला हवा होता. त्यांना सापळ्यात पकडलं, असा बचाव अजूनही होतो. प्रश्न सापळ्यासारखा होता, हे खरं आहे. न्यायाधीशांनी जबानीच्याच महिन्यात लेविन्स्की प्रकरणाचा पुरावा जोन्स यांच्या दाव्यातून वगळला आणि एप्रिलमध्ये तो दावाच काढून टाकला, हेही खरं. पण सापळ्यातून बाहेर पडायचं दार उघडं होतं. तडजोड करता आली असती. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यांनी जोन्स यांना साडेआठ लाख डॉलर देऊन ती केलीच, फक्त सगळं होऊन गेल्यावर. एक वर्ष आधी केली असती, तर बेटी करी यांचा तो रविवार टळला असता.

त्यांनी राजीनामा दिला नाही, मग सिनेटनं काढायला हवं होतं का? माझं उत्तर नाही असं आहे आणि ते मी जड मनानं देते. त्या रविवारी त्यांनी पदाचं वजन वापरलं, पण एका बाईवर आणि काही वाक्यांपुरतं. पोलीस हलवले नाहीत, तिजोरी उघडली नाही, तपास यंत्रणा वापरली नाही. माझ्या कसोटीवर ते काठावर आहेत आणि काठावरच्या माणसाला काढण्याइतकं दार रुंद असू नये. पण सिनेटनं निदान निंदेचा ठराव करायला हवा होता. तो आणायचा प्रयत्न झाला, पुढे सरकला नाही. सोडायचं आणि वर काही बोलायचंही नाही, ही त्यांची खरी चूक. साक्षीच्या पिंजऱ्यात कठडा धरून उभ्या असलेल्या सगळ्या लोकांसाठी ते चार शब्द बोलले जायला हवे होते.

निबंधाचा निष्कर्ष बदलायची गरज नाही. रस्ता बदल. जोन्स यांच्यापासून सुरुवात कर, किलपॅट्रिक यांना आत घे आणि 'खासगी' हा शब्द शक्य तितका टाळ.

आता बाबा. तू त्यांच्या मताला कारकुनी म्हणालीस, त्यांना ते त्यांच्या कामाबद्दल ऐकू आलं. बत्तीस वर्षं त्यांनी दिलेल्या शपथा कुणीही आठवत नाही. न्यायाधीशांचं नाव निकालपत्रावर येतं, वकिलांचं येतं, 'देवाशपथ' म्हणायला लावणाऱ्याचं येत नाही. त्यांच्यासाठी ती शपथ ही त्यांनी केलेली वस्तू आहे आणि तू एका अध्यक्षासाठी ती स्वस्तात विकलीस, असं त्यांना वाटलं असणार. माफी माग, पण निबंधाबद्दल नको. त्या एका शब्दाबद्दल माग. 'तसं म्हणायचं नव्हतं' असं मात्र म्हणू नकोस. म्हणायचं होतंच, रागात होतं. 'चुकले' म्हण आणि थांब.

मग कागद त्यांच्यापुढे ठेव आणि मदत माग. त्यांना हे विचार की, शपथेवर खोटं बोलताना त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेल्या किती साक्षीदारांवर पुढे खटला उभा राहिला? 'त्याच संध्याकाळी' या शब्दांचा त्यांनाच विचार करावासा वाटेल आणि तुला वाद घालावा लागणार नाही. आणि हेही विचार की, त्यांनी शपथ दिलेल्यांपैकी कोणता साक्षीदार अजून डोळ्यांसमोर आहे? ते लगेच उत्तर देणार नाहीत. मधे बोलू नकोस, वही जवळ ठेव.